लष्करी तळावरचा निवांत दिवस : शिस्त, विसावा आणि प्रतीक्षा

चेन्नई : प्रजासत्ताक दिनाचे संचलन, सीमेवरील चकमक किंवा महापुरात अडकलेल्यांना होडीत घेणारी तुकडी, एवढ्याच प्रसंगी सैनिक सामान्य नागरिकाच्या नजरेस पडतो. त्याच्या सेवाकाळातील बहुतेक दिवस मात्र यांपैकी कशाचेच नसतात. पहाटे उठावे, कवायत करावी, शस्त्र पुसून जागेवर ठेवावे, पहाऱ्याची पाळी सांभाळावी, संध्याकाळी खेळावे आणि घरी फोन करून झोपी जावे, असे दिवस एकामागून एक सरत राहतात. त्या दिवसांची नोंद वर्तमानपत्रात होत नाही. तरीही सैनिक कठीण प्रसंगी कसा उभा राहील, हे बऱ्याच अंशी या दिवसांवर अवलंबून असते, असे लष्करी परंपरा मानत आली आहे.

हा विषय समजून घेण्यासाठी चेन्नईइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. लष्कराच्या दक्षिण भारत क्षेत्राचे मुख्यालय येथे आहे. परंगीमलै म्हणजे सेंट थॉमस माउंट येथे अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. तांबरमला हवाई दलाचा तळ, किनाऱ्यावर नौदलाचे आयएनएस अड्यार आणि तटरक्षक दलाचे पूर्व विभागीय मुख्यालय आहे. सीमेपासून दूर असलेले हे शहर लष्करी परिभाषेत ‘पीस स्टेशन’, म्हणजे शांतताकालीन ठाणे, ठरते. येथे नेमणूक झालेल्या जवानाचा दिवस कसा जातो, त्यामागे कोणती व्यवस्था असते आणि ती बिघडली तर काय होते, याचा हा आढावा.

दिनक्रमाची घडी

शांतताकालीन ठाण्यावरील दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. पहिला तास शारीरिक कवायतीचा, म्हणजेच ‘पीटी’चा. चेन्नईच्या दमट उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी धावणे उरकून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर न्याहारी आणि मग परेड, शस्त्रांची देखभाल, वाहनांची तपासणी, वर्ग, भांडाराची मोजदाद अशी कामे दुपारपर्यंत चालतात. जेवणानंतरचा काही काळ विश्रांतीचा असतो. संध्याकाळी पुन्हा मैदान : व्हॉलीबॉल, फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल. सूर्यास्ताला ध्वज उतरवला जातो. त्यानंतर हजेरी होते. जवानांच्या बोलीत तिला ‘गिनती’ म्हणतात. दुसऱ्या दिवशीचे हुकूम याच वेळी वाचून दाखवले जातात. मग लंगरात जेवण, थोडा मोकळा वेळ आणि दिवे बंद. वेळा ऋतूनुसार व पलटणीनुसार बदलतात. क्रम सहसा बदलत नाही.

या क्रमाबाहेर उरणारा वेळ मोजून पाहिला तर फार थोडा भरतो. त्यातही ‘फटीग’ म्हणजे अंगमेहनतीची किरकोळ कामे येतात. गवत काढणे, दगडांना चुना लावणे, बराकीची साफसफाई. बाहेरच्या माणसाला यातील काही कामे निरर्थक वाटू शकतात. मात्र ज्या ठिकाणी शेकडो तरुण कुटुंबापासून दूर, एकाच आवारात, महिनोन्‌महिने राहतात, तेथे रिकामे हात हाच मोठा प्रश्न असतो, हे लष्कराने अनुभवातून ओळखले आहे.

रविवारची घडी थोडी सैल असते. सकाळी मंदिर परेड असते. पलटणीतील जवानांच्या धर्मानुसार मंदिर, गुरुद्वारा, मशीद किंवा चर्चमध्ये सर्वजण एकत्र येतात आणि धर्मगुरू हा पलटणीचाच एक घटक असतो. त्यानंतर कपडे धुणे, केस कापणे, बूट चमकवणे आणि फोनवर सावकाश बोलणे. बाहेर जाण्याचा परवाना मिळाला तर शहरात फेरफटका होतो. सणावाराला किंवा पलटणीच्या स्थापनादिनी ‘बडा खाना’ होतो. त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. मराठा लाइट इन्फंट्रीत ४ फेब्रुवारी हा दिवस कोंढाणा सर झाल्याच्या, म्हणजे १६७० सालच्या पराक्रमाच्या, स्मरणार्थ साजरा केला जातो. पलटण देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असली तरी त्या दिवशी तेथे सिंहगडाची आठवण निघतेच.

किल्ल्यातील कंटाळा

रिकाम्या वेळेची लष्करी व्यवस्थेला वाटणारी धास्ती नवी नाही. चेन्नईचा सेंट जॉर्ज किल्ला तिचा जुना साक्षीदार आहे. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला येथील जागा मिळाली आणि पुढच्या वर्षी किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. आज या आवारात तमिळनाडूचे विधिमंडळ आणि सचिवालय आहे, पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे आणि लष्कराची कार्यालयेही आहेत.

याच किल्ल्यात १७४४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा अठरा वर्षांचा तरुण कंपनीचा कारकून म्हणून दाखल झाला. इंग्लंडहून येथे पोहोचायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला होता. ओळखीचे कोणी नाही, काम रटाळ, हवा सोसवत नाही, घरच्या पत्राला महिनोन्‌महिने लागतात, अशा स्थितीत तो खिन्नतेच्या गर्तेत गेला. त्याने स्वतःवर पिस्तूल झाडण्याचा प्रयत्न केला आणि ते दोनदा उडाले नाही, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगत आले आहेत. त्या काळात त्याला आधार मिळाला तो गव्हर्नरच्या ग्रंथसंग्रहाचा. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले, क्लाइव्ह निसटला आणि पुढे सैन्यात शिरला. त्याने नंतर भारतात जे केले त्याचा हिशेब इतिहासाने मांडला आहे. येथे मुद्दा एवढाच की, छावणीतील एकाकीपणा हा शत्रूच्या तोफेइतकाच खरा आहे, याची नोंद मद्रासच्या इतिहासाच्या पहिल्याच पानांवर सापडते.

कंपनीच्या गोऱ्या शिपायांचा मोकळा वेळ दारू आणि जुगारात जाई. शिस्तभंगाच्या शिक्षा आणि रुग्णालयातील खाटा यांचा भार त्यामुळे वाढे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीने छावण्यांमधून शिपायांसाठी ग्रंथालये उघडली, त्यामागे हे कारण होते. पुस्तकावर होणारा खर्च हा शिक्षेवर होणाऱ्या खर्चापेक्षा कमी, असा त्यातला व्यवहार. आजच्या पलटणीतील वाचनकक्ष, करमणूक कक्ष आणि क्रीडांगण ही त्याच विचाराची पुढची पिढी म्हणता येईल. वसाहतकालीन सैन्याचा उद्देश वेगळा होता. माणसाचे मन मात्र तेच होते.

छावणीतील वाचनाचे फळ

रिकामा वेळ माणसाला नेहमी खातोच असे नाही. परंगीमलैच्या टेकडीवर विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याचा अर्धपुतळा आहे. भारतात येण्यापूर्वी लॅम्बटन कॅनडात वर्षानुवर्षे बराकींच्या देखरेखीच्या कामावर होता. बढतीची आशा नसलेल्या त्या एकाकी नेमणुकीत तो गणित आणि भूमापनशास्त्राचे ग्रंथ वाचत राहिला. पुढे त्याची पलटण भारतात आली. १७९९ च्या म्हैसूर युद्धानंतर त्याने द्वीपकल्पाच्या शास्त्रशुद्ध मोजणीची योजना मांडली आणि एप्रिल १८०२ मध्ये सेंट थॉमस माउंटच्या परिसरात शंभर फुटी पोलादी साखळीने आधाररेषा मोजायला घेतली. सुमारे १२ किलोमीटरची ती रेषा पूर्ण व्हायला ५७ दिवस लागले. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो आरंभ होता. हिमालयाच्या शिखरांची उंची याच सर्वेक्षणातून पुढे निश्चित झाली.

लॅम्बटन ते काम करता करताच जानेवारी १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. चेन्नईच्या टेकडीवर सुरू झालेली त्याची वाट विदर्भाच्या मातीत संपली. दूरच्या नेमणुकीतील कंटाळवाणी वर्षे त्याने वाचनात घालवली नसती तर ही मोजणी कोणाच्या हातून आणि केव्हा झाली असती, हे सांगणे अवघड आहे.

आजही दूरशिक्षणातून पदवी घेणारे, पदोन्नतीच्या परीक्षेसाठी नकाशावाचन शिकणारे किंवा निवृत्तीनंतरच्या नोकरीसाठी संगणकाचा अभ्यासक्रम करणारे जवान प्रत्येक ठाण्यावर आढळतात. जवान तुलनेने लहान वयात निवृत्त होतो. त्यामुळे संध्याकाळचे दोन तास त्याच्यासाठी पुढच्या आयुष्याची पेरणी ठरू शकतात. चार वर्षांच्या मुदतीवर भरती झालेल्या अग्निवीराच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत बहुसंख्य तरुणांना मुदतीनंतर नवा व्यवसाय शोधावा लागणार आहे.

शांतता किती टिकते?

शांतताकालीन ठाण्यावरची शांतता नेहमीच उसनी असते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रास शहर असेच निवांत होते. पहिले महायुद्ध युरोपात सुरू झाले होते आणि ते येथवर येईल असे कोणाला वाटत नव्हते. रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बंदराजवळील तेलाच्या टाक्यांवर तोफगोळे डागले. अर्ध्या तासाच्या आत शंभराहून अधिक गोळे झाडून ती अंधारात निघूनही गेली. टाक्या पेटल्या, माणसे दगावली आणि शहर सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. तमिळ बोलीत धूर्त व जबरदस्त माणसाला ‘एम्डन’ म्हणण्याची रूढी त्या रात्रीतून आली. दुसऱ्या महायुद्धातही, ऑक्टोबर १९४३ मध्ये, जपानी विमानाने बंदर परिसरात बॉम्ब टाकले होते.

अलीकडच्या काळात ही शांतता भंगली ती निसर्गामुळे. २६ डिसेंबर २००४ हा दिवस रविवार होता. कार निकोबारच्या हवाई तळावर सुट्टीची सकाळ होती आणि कुटुंबे घरातच होती. त्सुनामीच्या लाटांनी तो तळ उद्ध्वस्त केला. हवाई दलाचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून १०० हून अधिक जण तेथे मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरही लाटांनी बळी घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला, विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली आणि काही दिवस अरक्कोणमच्या आयएनएस राजाली या नौदलाच्या तळावरून प्रवासी विमाने सोडावी लागली. आदल्या दिवशीपर्यंत मैदानात व्हॉलीबॉल खेळणारे जवान त्या आठवड्यात गळ्यापर्यंतच्या पाण्यात उतरले होते.

हुकूम येताच काही मिनिटांत सज्ज होता यावे, हीच निवांत दिवसाची खरी अट असते. शस्त्र पुसून ठेवणे, वाहनात इंधन असणे, हजेरीत प्रत्येकाचा ठावठिकाणा माहीत असणे या गोष्टींचा अर्थ अशा वेळी कळतो. विश्रांती घेतलेले शरीर आणि घरची चिंता मिटलेले मन ही त्याच सज्जतेची दोन अंगे आहेत.

वाटेवरचे शहर

चेन्नईची आणखी एक ओळख म्हणजे ती अंदमान-निकोबारची वाट आहे. २००१ मध्ये स्थापन झालेली अंदमान-निकोबार कमांड ही तिन्ही दलांची देशातील पहिली एकत्रित कमांड आहे. मुख्य भूमीवरून तेथे जाणारे आणि तेथून रजेवर येणारे अनेक जवान चेन्नईमार्गे प्रवास करतात. सागरी अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे आणि जहाजाला अडीच ते तीन दिवस लागतात. जहाजाची तारीख, विमानातील जागा किंवा हवामान यांची वाट पाहत घालवलेले दिवस हा सैनिकाच्या आयुष्याचा एक वेगळाच भाग असतो. तो कर्तव्यावरही नसतो आणि घरीही पोहोचलेला नसतो. ट्रंक बांधलेली असते, पत्ते किंवा कॅरमचा डाव पडतो आणि दर दोन तासांनी कोणी तरी सूचनाफलक पाहून येतो.

या रोजच्या वाटेवरही जोखीम असते, याची आठवण २२ जुलै २०१६ या तारखेने करून दिली. त्या दिवशी सकाळी तांबरमहून हवाई दलाचे एएन-३२ विमान पोर्ट ब्लेअरला निघाले. हे नित्याचे ‘कुरिअर’ उड्डाण होते. विमानात २९ जण होते. बंगालच्या उपसागरावर असताना त्याचा संपर्क तुटला. मोठी शोधमोहीम राबवूनही काही हाती लागले नाही. अखेर साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी त्याचे अवशेष असल्याचे छायाचित्रांवरून निश्चित झाले. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने ती छायाचित्रे घेतली होती. २९ कुटुंबांसाठी ती साडेसात वर्षे प्रतीक्षेची होती.

श्रीलंकेतील शांतिसेनेच्या काळातही मद्रास हेच वाटेवरचे शहर होते. जुलै १९८७ मधील करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि मार्च १९९० मध्ये तिची अखेरची तुकडी परतली. या मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय सैनिकांनी प्राण गमावले. त्यांत महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांचा जन्म १९४६ मध्ये मुंबईत झाला, लष्करी शिक्षण मद्रासमध्ये परंगीमलैच्या प्रशिक्षण शाळेत झाले आणि १९७२ मध्ये त्यांना महार रेजिमेंटमध्ये कमिशन मिळाले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. काम आटोपून तळाकडे परतण्याची वेळ हीदेखील विसाव्याची नसते, हे त्यांच्या अखेरच्या प्रवासाने दाखवले. अकादमीतील कवायतीच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

ही अकादमी जानेवारी १९६३ मध्ये, चीनबरोबरच्या युद्धानंतर तातडीने अधिकारी घडवण्याच्या गरजेतून, सुरू झाली. १९९२ पासून येथे महिलांनाही प्रशिक्षण दिले जाते. ४९ आठवड्यांच्या खडतर अभ्यासक्रमात छात्रांना स्वतःचा वेळ जवळजवळ नसतो. रविवारचे काही मोकळे तास त्यामुळे मौल्यवान ठरतात. त्या तासांत त्यांना एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते. उद्या ज्यांचे नेतृत्व करायचे आहे त्या जवानाला विसाव्याची किंमत काय वाटते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून समजते.

पत्र, रेडिओ आणि मोबाइल

घराशी असलेला धागा हा निवांत दिवसाचा गाभा असतो. पूर्वी तो धागा पत्राचा होता. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसे आणि आजही नसते. क्रमांक, नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढे लिहिले की लष्करी टपाल व्यवस्था ते पत्र माणसापर्यंत पोहोचवते. पलटण कोठे आहे हे पाकिटावरून कोणालाही कळू नये, हा त्यामागचा हेतू. आर्मी पोस्टल सर्व्हिस १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअर म्हणून कार्यरत असून तिचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठी येथे आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत पोस्टमन दारात थांबला की घरातले सगळे बाहेर येत, ते या पत्रांसाठी. अपशिंग्याच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले होते. अशा गावांत पत्र येणे ही खुशाली असे आणि न येणे हा घोर असे.

पत्राच्या जोडीला रेडिओ आला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सेवा सुरू झाली. मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती देशभर ऐकू जाई. सैनिकांसाठीचा ‘जयमाला’ हा तिचा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या बराकींतून ऐकला गेला. फर्माईश पाठवणाऱ्या जवानांची नावे निवेदक वाचून दाखवी आणि एखाद्या बर्फाळ चौकीतला शिपाई क्षणभर साऱ्या देशाला ठाऊक होई. घरच्यांनाही त्या नावावरून मुलगा सुखरूप असल्याचे समजे.

मोबाइलने हे चित्र पालटले. लेकराचा पहिला शब्द वडील आता बराकीतून ऐकू शकतात. मात्र त्याबरोबर घरातील प्रत्येक कटकटही ताबडतोब तळावर पोहोचते. जमिनीचा वाद, आजारपण, कर्जाचा हप्ता, मुलांची शाळा यांची बातमी पूर्वी पंधरा दिवसांनी पत्रातून येई, तोवर निम्मे प्रश्न सुटलेले असत. आता भांडण चालू असतानाच फोन वाजतो आणि हजारो किलोमीटर दूर असलेला माणूस काहीच करू शकत नाही. त्यातच समाजमाध्यमांतून माहिती काढून घेणाऱ्या हेरगिरीचा धोका वाढला. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी ‘साई’ हे सुरक्षित संदेशवहनाचे स्वतःचे अ‍ॅप लष्कराने आणले. सुरक्षेसाठी बंधन आवश्यक आणि मनासाठी संपर्क आवश्यक, या दोहोंचा तोल साधणे हे आज प्रत्येक पलटणीपुढचे रोजचे काम झाले आहे.

रजेचे गणित

तळावरच्या प्रत्येक संध्याकाळी बोलण्याचा हमखास विषय असतो तो रजेचा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस मिळतात. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. मात्र पेरणी, घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न, आईची शस्त्रक्रिया आणि मुलांच्या परीक्षा या सगळ्यांना तेवढ्यातच बसवावे लागते. शिवाय पलटणीतून एका वेळी ठरावीक संख्येनेच माणसे बाहेर जाऊ शकतात. त्यामुळे गणेशोत्सवात कोणाला जायचे आणि दिवाळीत कोणाला, हे ठरवणे पलटणीतील वरिष्ठ सुभेदारांच्या कसोटीचे असते. मराठी पलटणीत गणपतीच्या दिवसांतली रजा कोणाच्या वाट्याला आली, यावरून महिनाभर चेष्टामस्करी चालते. ज्यांना ती मिळत नाही ते तळावरच मूर्ती बसवतात, आरती करतात आणि लंगरात मोदकांचा घाट घालतात.

विश्वासाची परीक्षा रजेच्या वेळी होते. अर्ज नाकारला गेला तरी कारण सरळ सांगितले गेले तर जवान ते सहसा मान्य करतो. कारण न सांगता अर्ज पडून राहिला तर मात्र मनात अढी बसते. म्हणूनच सैनिक संमेलनासारख्या व्यासपीठाला महत्त्व असते. तेथे जवान आपली अडचण थेट कमान अधिकाऱ्यासमोर मांडू शकतो.

अभ्यास काय सांगतो?

निवांत दिवसाचा प्रश्न किती गंभीर आहे, याकडे जानेवारी २०२१ मध्ये चर्चेत आलेल्या एका अभ्यासाने लक्ष वेधले. दिल्लीस्थित युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र तणावाखाली असल्याचे म्हटले होते. लष्करी सूत्रांनी त्याच्या नमुन्याच्या आकारावर आक्षेप घेऊन हा निष्कर्ष अमान्य केला आणि तो मजकूर संस्थेच्या संकेतस्थळावरून हटवण्यात आला. त्यामुळे निम्म्याहून अधिक हा आकडा प्रमाण मानता येत नाही.

तरीही त्या अभ्यासाने जवानांच्या तणावाची जी कारणे नोंदवली ती विचार करण्यासारखी आहेत. रजा मिळण्यातील विलंब किंवा नकार, कामाचा अतिरिक्त बोजा, घरगुती अडचणी, वरिष्ठांकडून होणारा अपमान, मोबाइल वापरावरील अवाजवी बंधने आणि करमणुकीच्या सोयींचा अभाव अशी ती यादी होती. यांतील एकही कारण शत्रूच्या गोळीशी संबंधित नाही. ही सगळी कारणे तळावरच्या साध्या दिवसांतून जन्माला येतात. त्यामुळे त्यांवरचा उपायही तेथेच करता येतो आणि त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नसते. रजेचा अर्ज वेळेत निकाली काढणे, संध्याकाळचा खेळ न चुकवणे, हजेरीनंतरचा तास जवानाचा त्याला परत देणे आणि गप्प गप्प राहणाऱ्या सोबत्याकडे लक्ष ठेवणे, ही कामे हवालदारापासून कमान अधिकाऱ्यापर्यंत कोणालाही करता येतील अशी आहेत.

उपचारांच्या बाजूनेही काही पावले पडली आहेत. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘टेलिमानस’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सेवेचा सशस्त्र दलांसाठीचा विशेष कक्ष सुरू करण्यात आला. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र ही सेवा मिळते आणि जवानांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही तिचा लाभ घेता येतो. ‘मर्दासारखा मर्द, त्याला कसले आले दुःख’ अशी समजूत असलेल्या समाजात असा फोन करणे सोपे नसते. त्यामुळे मदत मागणे हा दुबळेपणा नाही, हे वरिष्ठांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवणे आवश्यक ठरते.

कुटुंबाची भूमिकाही तितकीच मोठी आहे. घरच्या अडचणी लपवाव्यात असे नाही. मात्र रात्रीच्या पहाऱ्याला निघालेल्या माणसाला त्या सांगाव्यात की सकाळी, एवढा विचार करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अनेक जिल्ह्यांत आहेत. जमिनीचा वाद, दाखले, शाळाप्रवेश यांसारख्या कामांत जवानाच्या गैरहजेरीत त्यांची मदत घेता येते. गावकी आणि भावकीने ती कामे मार्गी लावली तर दूरच्या तळावर एका माणसाची झोप वाचते.

चेन्नईच्या छावणीत आजही सूर्यास्ताला ध्वज उतरतो, हजेरी होते आणि उद्याचे हुकूम वाचले जातात. त्या यादीत बहुतेक दिवशी विशेष काही नसते. पहाऱ्याच्या पाळ्या, पीटीची वेळ, रजेवर जाणाऱ्यांची नावे. ज्याचे नाव तिसऱ्या यादीत असते, तो रेल्वेचे वॉरंट खिशात घालून दुसऱ्या दिवशी सेंट्रल स्थानकाकडे निघतो आणि एका दिवसाच्या प्रवासानंतर महाराष्ट्रात उतरतो. त्याची पाळी तोपर्यंत दुसऱ्या कोणी तरी घेतलेली असते.